गाडीच्या जागी पडवी

मी गाव सोडलं तेव्हा आई एसटीपर्यंत आली नव्हती. आगराच्या बेड्यापाशीच थांबली. खळ्यात मालकांची सुपारी वाळत घातली होती आणि तिच्यावर नजर ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. तिनं बांबूचं ते बेडं उघडलं, माझी बॅग स्वतःच्या हातानं बाहेर ठेवली, बेडं पुन्हा आतून लावून घेतलं आणि फटीतून हात घालून माझ्या गालावरून फिरवला. म्हणाली, "नीट राहा. तिकडेपण जागा दुसऱ्याचीच आहे, विसरू नको."

ते एकोणीसशे त्र्याण्णव साल. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बी.एस्सी.चं सर्टिफिकेट होतं, मुंबईहून सगळे शिक्के मारून आणलेलं. लग्नाला वर्ष झालं होतं, प्रकाश शारजात एसी मेंटेनन्सला होता आणि मी त्याच्याकडे निघाले होते. पण नवऱ्यामागून निघालेली बायको एवढीच काही माझी ओळख नव्हती. माहेर-सासर दोन्हीकडे कॉलेजात गेलेली मी पहिली. चिपळूणला नातेवाइकांच्या माळ्यावर राहून, स्कॉलरशिपवर शिकून, केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास काढला. हे मी सांगते तेव्हा काहींना मिरवल्यासारखं वाटतं. मिरवतेच. ज्याच्या घरात आधीचे चार पदवीधर आहेत त्यानं गप्प बसावं, त्याला परवडतं.

आमचं घर म्हणजे गुहागरच्या बाजूला समुद्राकडेला एका नारळ-सुपारीच्या आगरातलं राखणदाराचं घर. दोन खोल्या, पुढे पडवी. माझे वडील शिंपणं करायचे, नारळ उतरवायचे, राखण करायचे. त्यांच्या आधी आजोबा करायचे. भाडं नव्हतं, कागदही नव्हता. वडील म्हणायचे, "ऊठ म्हटलं की उठायचं, एवढंच आपलं भाडं." हसत म्हणायचे. पण आमच्याकडे कोणी पाहुणा रात्री राहणार असेल तर त्याच संध्याकाळी मालकांच्या घरी जाऊन सांगून यावं लागे. मालक कधी नको म्हणाले नाहीत. माणूस वाईट नव्हता. उलट माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. तरी लग्नानंतर प्रकाश पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा आई लुगड्याला हात पुसत मालकांकडे सांगायला निघाली, ती पाठमोरी मला अजून दिसते. चांगल्या माणसाच्या जागेत राहिलो तरी जागा दुसऱ्याचीच.

शारजात आम्ही रोलाजवळ एका फ्लॅटमध्ये अर्धे राहत होतो. अर्धे म्हणजे एक बेडरूम आमची, एक कदमांची, किचन दोघींचं. सकाळी पोळ्या आधी कोणाच्या, यावरून कदमवहिनींशी मी जेवढी भांडले तेवढी सख्ख्या नणंदेशी भांडले नाही, आणि आज त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. मला दुबईच्या अल क्वोजमधल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. कंपनीची व्हॅन पहाटेच घ्यायला यायची. दोन्ही बाजूला गोदामं, मध्ये वाळू, आणि आत आम्ही रंग तपासायचो. पत्र्याच्या तुकड्यांना रंग लावून गच्चीवर उन्हात ठेवायचे, दुसरे तुकडे मिठाच्या पाण्यात, आणि कोणता आधी फुगतो ते बघायचं. मल्याळी सुपरवायझर, फिलिपिनो स्टोअरकीपर, पठाण ड्रायव्हर, आणि सगळ्यांची भाषा हिंदी. सहा महिन्यांत मी "यल्ला, सॅम्पल लाओ, फिर खलास" असं बोलायला लागले. मराठी फक्त किचनमध्ये उरलं.

काही वर्षांनी आम्हाला पूर्ण फ्लॅट परवडायला लागला. ऋचा झाली. बाल्कनीत तुळस लावली, ती दर ऑगस्टला जळायची आणि दर ऑक्टोबरला मी नवी लावायची. आम्ही बरे स्थिर होतो, पण दर तीन वर्षांनी व्हिसाचं रिन्यूअल आलं की प्रकाश दोन आठवडे नीट जेवायचा नाही. मला वडिलांचं वाक्य आठवायचं. बापाच्या आगरातून निघून मी तशाच दुसऱ्या आगरात आले होते, फक्त इथे पगार बरा होता आणि किनारा समुद्राच्या पलीकडचा.

मग एके दिवशी गावाकडून तो निरोप आलाच. म्हातारे मालक गेले होते. धाकट्या मालकांना आगरात पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी आईला अगदी नीट शब्दांत सांगितलं होतं, "घाई नाही काकी, पण पुढच्या हंगामापर्यंत बघा." वडील आधीच गेले होते, बरंच झालं. आई एकटी होती, साठीची, आणि सबंध आयुष्य एका पडवीत काढलेली. मी प्रकाशला म्हटलं, आता भाड्याची खोली नाही. आता घर. तिच्या नावावर. तिला पुन्हा कोणी ऊठ म्हणता कामा नये.

आखातात कमावणाऱ्याला घर घ्यायचंय ही बातमी खमंग वासासारखी पसरते. कोणी म्हणालं डोंबिवलीत फ्लॅट घ्या, कोणी म्हणालं प्लॉट घेऊन बांधा. पण बांधायला एका माणसानं तिथे उभं राहावं लागतं, आणि आमच्याकडे वर्षातून एक महिन्याची रजा. तेव्हा हसनभाई म्हणाले, माझं बघ.

हसनभाई आमच्याच तालुक्यातले, शृंगारतळीचे. खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर फोरमन होते. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी थर्मोकोलच्या पेटीत सुरमई घेऊन यायचे आणि ऋचाला मांडीवर घेऊन बसायचे. शृंगारतळीच्या रस्त्याला त्यांनी बंगला बांधला होता. बांधून दोन वर्षं झाली होती. त्यात मुलीचं लग्न झालं, एक ईद झाली, आणि कुलूप लागलं. मुलगे कॅनडाला निघाले, बायकोला मुंब्र्याला मुलीजवळ राहायचं होतं. घर जवळजवळ कोरं. नळांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

आमच्यात तेव्हा अशी घरं इथे बसून घेतली-विकली जायची आणि कॅसेटवर बघितली जायची. गावच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला सांगायचं, तो शूटिंग करायचा, आणि रजेवरून परत येणारा कोणी कॅसेट बॅगेत घालून आणायचा. माझा मामेभाऊ दिनू आईला घेऊन तिथे गेला. मी बजावून सांगितलं होतं, सगळ्या खोल्यांतून आईला फिरव, मला घर आईसकट बघायचंय.

कॅसेट आली त्या शुक्रवारी जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. कदम मंडळी होती. हसनभाई नमाज पढून आले. आता, लग्नाच्या व्हिडिओवाल्याला लग्नाचंच शूटिंग येतं. सनई सुरू झाली, पडद्यावर एक गुलाब उमलला आणि त्या गुलाबातून हसनभाईंचा बंगला बाहेर आला. दिवाणखाना बदामाच्या आकारात दिसला. न्हाणीघर स्लो मोशनमध्ये. कदम म्हणाले, "आता अक्षता पडायच्याच बाकी आहेत." हसनभाई सगळ्यांत जास्त हसले.

घर सुरेख होतं, खोटं कशाला बोला. पांढरी संगमरवरी फरशी, सीलिंगला नक्षी, तीन बेडरूमना तीन बाथरूम, भिंतीत एसीसाठी चौकोन. पुढे पायऱ्या नाहीत की ओटा नाही. रस्त्यावरून फाटक, फाटकातून थेट सिमेंटचं पोर्च, गाडीसाठी, आणि पोर्चमधून थेट दार. कोकणातलं वाटतच नव्हतं. शारजातला एखादा व्हिला उचलून जांभ्याच्या मातीवर ठेवल्यासारखं.

मी मात्र माझ्या कामाच्या डोळ्यांनी बघत होते. मागच्या बेडरूमची खिडकी आली तेव्हा मी प्रकाशला पॉज करायला सांगितलं. खिडकीखाली रंगाला फोड आले होते आणि त्यांच्या कडेला पांढरी पूड. मी म्हटलं, "हसनभाई, लोणा लागलाय. वाळू खाडीची वापरली ना?"

हसनभाईंनी मान डोलावली. "कंत्राटदारानं वापरली. मी इथे होतो ना बाय."

"आणि घर बंद. बंद घराला हे लवकर लागतं."

"मग किमतीत बघू." त्यांनी किंमत दिऱ्हममध्ये सांगितली, प्रकाशनं सवयीनं मोठ्यानं रुपयांत केली, आणि कदमांनी हळूच शीळ घातली. जमण्यासारखं होतं. लोणा खरवडून काढता येतो, वर काय लावायचं ते मला माहीत होतं. मनातल्या मनात मी घर घेतलंसुद्धा होतं.

चहा करायला उठले तर कदमवहिनी मागोमाग आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, मुसलमानाचं घर घेतेस, विचार केलास ना? मी म्हटलं, वहिनी, आपण इतकी वर्षं कोणाच्या बिल्डिंगमध्ये राहतो, जोश्यांच्या? त्या म्हणाल्या, तसं नव्हे गं, मी आपलं विचारलं. आणि कपबशा पुसायला लागल्या.

चहा घेऊन बाहेर आले आणि कॅसेट पुढे चालू झाली. तेव्हा कुठे मी आईकडे नीट बघितलं.

नवं लुगडं नेसून आली होती. दिनू मागून सांगत असावा, आत्या आत जा, आत्या हसा. ती हसत होती. पण प्रत्येक दारात ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. चपला पोर्चमध्येच काढलेल्या, हात पदराखाली, एखाद्या मोठ्या घरात निरोप द्यायला आलेल्या बाईसारखी. दिवाणखान्याच्या दारात तशी, किचनच्या दारात तशी. दिवाणखान्यातून मागच्या खोल्यांकडे जायला ती घराला बाहेरून वळसा घालून गेली असणार, कारण पुढच्याच क्षणी ती मागच्या दारात होती. शेवटी व्हिडिओवाला नारळाची झाडं घेत होता, कॅमेरा भलतीकडे हलला, आणि कोपऱ्यात आई दिसली. मागच्या दाराबाहेर कपडे धुवायच्या दगडावर बसली होती, पाय पसरून, स्वतःचे गुडघे चोळत. त्या सबंध घरात तिला बसण्यासारखी तेवढी एकच जागा सापडली होती.

सनई वाजत होती. मग हसनभाई म्हणाले, "माझी अम्मापण तिथेच बसायची. लग्नाला आली होती तेव्हा. मी सोफा आणला होता इथून, कंटेनरमधून. त्यावर नाही बसली." थोडं थांबून म्हणाले, "खरं सांगू का बाय, मी ते घर तिथे राहायला बांधलंच नव्हतं. खोर फक्कानला उन्हात उभं राहताना तिथे आपलं काहीतरी आहे असं वाटावं, म्हणून बांधलं. माझं काम त्यानं केलं. तुझं करील का, ते तू बघ."

त्या आठवड्यात मी फार विचार केला. लोक गल्फवाल्यांच्या घरांना हसतात, दिखाऊ म्हणतात. मी हसत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी बघितलंच नाही, त्यानं एकदा दाखवलं तर काय बिघडलं? शृंगारतळीच्या रस्त्यावर बंगला असावा, धाकट्या मालकांच्या जीपला तिथूनच जावं लागावं, हे मलाही हवं होतं. पण आईला धुण्याच्या दगडावर बसवायला मी घर घेणार नव्हते.

पुढच्या शुक्रवारी फोनकार्ड घेऊन मी दिनूच्या दुकानात फोन लावला. आईला तिथे बोलावून ठेवलं होतं. विचारलं, आवडलं का?

"चांगलं आहे. आरशासारखं."

"मग आत का नाही गेलीस?"

"पाय उमटले असते."

"पुसता येतात गं. घर तुझंच असेल."

मीटर पळत होता. आई म्हणाली, "सुमन, त्या घराला बाहेर काही नाहीच. रस्त्यानं जाणारं माणूस टेकेल कुठं? त्याला दार उघडून आत घ्यायचं तर त्यानं आधी पाय धुवायला हवेत. मग कोण येईल माझ्याकडे? दार लावून एकटी बसू आत?"

एवढं शिकूनसवरून मी लोणा बघितला आणि पडवी बघितली नाही. बघितली नाही, कारण शारजात दहा वर्षांत एकदाही माझ्या दाराशी कोणी सहज टेकलं नव्हतं. इथे माणसं फोन करून येतात आणि लिफ्टनं जातात. घराला एक ‘बाहेर’ असतं, हे मी विसरूनच गेले होते. गल्फला येऊन घर बांधणारा प्रत्येक जण हेच विसरत असणार, म्हणून तर त्या रस्त्याला एवढे बंगले आहेत आणि एकाच्याही पुढे माणूस बसलेला दिसत नाही.

मी हसनभाईंना फोन केला. म्हटलं, घर घेते, पण एक विचारायचंय. तुमचं पोर्च. तुम्ही तिथे गाडी कधी लावली?

ते हसले. "गाडी घ्यायचीच राहिली. मोठी पांढरी घ्यायची होती. अंगण होतं तिथे आमचं, पडवी होती. ती पाडून पोर्च केलं."

"मग मी तिथे पुन्हा पडवी करते. चालेल?"

"घर तुझं. मला काय विचारतेस?" फोन ठेवता ठेवता म्हणाले, "स्लॅब पाडू नको मात्र. लोखंड चांगलं घातलंय मी."

स्लॅब ठेवला. रजेवर जाऊन मी पोर्चच्या दोन्ही बाजूंना बसायला कट्टे बांधून घेतले, खाली लाल कोबा केला आणि पुढे नळ्याच्या कौलांचं उतरतं छप्पर घातलं. दिसायला विचित्रच झालं. मागे संगमरवरी व्हिला आणि पुढे कोकणी पडवी, सूट घातलेल्या माणसानं डोक्यावर इरलं घेतल्यासारखं. दिनू म्हणाला, ताई, शोभा गेली घराची. लोणा खरवडून रंग मी स्वतः लावला, आमच्याच कंपनीचा, दोन डबे सामानात घालून नेलेला. अजून टिकलाय. कागद आईच्या नावावर झाले. तिनं अंगठा नाही लावला, सही केली. प्रौढ वर्गात शिकली होती, पण कुठे करायची वेळच आली नव्हती.

आई पडवीत राहायला लागली. आत स्वयंपाक करते, झोपायला किचनमागच्या खोलीत जाते, बाकी सगळा वेळ पडवीत. गाडी उभी राहायची होती बरोबर तिथे. बाजाराला जाणाऱ्या बायका पाट्या उतरवून पाणी पितात. मोहल्ल्यातल्या रुबीनाभाभी दुपारी तांदूळ निवडायला येतात. हसनभाईंची मुलगी मुंब्र्याहून माहेरच्या गावी आली की कट्ट्यावर बसून जाते. आतल्या नळांचं प्लॅस्टिक मी शेवटी माझ्या हातानं काढलं.

दोन वर्षांनी मे महिन्यात आम्ही गेलो होतो. मी आत ऋचाच्या केसांना तेल लावत होते. ऋचा इंग्लिशमध्ये कुरकुरत होती की इट स्मेल्स, मम्मी. बाहेर जीप थांबली. खिडकीतून बघितलं तर धाकटे मालक. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. फाटकाबाहेरच थांबून त्यांनी हाक मारली, "काकी, आहात का?"

आई कट्ट्यावर बसली होती. सवयीनं चटकन उठायला गेली. मी बघत होते. एक हात कट्ट्याला टेकला, अंग अर्धं उचललं. आणि तिथेच ती थांबली. मग परत सावकाश बसली, शेजारची जागा पदरानं झटकली आणि म्हणाली, "या. बसा."

ते आत आले, चपला काढल्या आणि बसले. उन्हानं घामाघूम झाले होते. आईनं मला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी दिलं, त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, खोल्यांचं बांधकाम कुठवर आलं ते सांगितलं, माझ्या वडिलांची आठवण काढली. बराच वेळ बसले. निघाले तेव्हा आई फाटकापर्यंत गेली आणि फाटक उघडंच ठेवून परत आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. म्हणाली, "कोबा गार लागतो म्हणाले." आणि सुपारी कातरायला बसली.

परत आलो त्याच वर्षी आमच्या शारजातल्या बिल्डिंगला नोटीस लागली. पाडून नवा टॉवर बांधायचा होता. वॉचमन येऊन म्हणाला, दो महिना, फिर खलास. आधीची सुमन असती तर तिची झोप उडाली असती. मी त्याला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी खोकी आणायला गेले. ऊठ म्हटलं, उठलो. आता दुबईत परदेशी माणसालाही घर विकत मिळतं म्हणतात. प्रकाश ब्रोशर घेऊन आलाय, एक जवळजवळ नवा फ्लॅट आहे, स्विमिंग पूल, जिम. ऋचाला हवाय. तिच्यासाठी घर इथेच आहे आणि मी तिला चूक म्हणत नाही. तिच्या वयात मलाही ते आगर माझंच वाटायचं. कदाचित घेऊही. एजंटला मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, बाहेर बसायला जागा कुठे आहे? तो म्हणाला, मॅडम, लॉबीमध्ये सोफा आहे. विचार चालू आहे.

आणि तुम्ही, गावी राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, जे कोणी हे वाचत असाल, कधी शृंगारतळीच्या रस्त्यानं गेलात तर पांढऱ्या बंगल्यापुढे कौलारू पडवी दिसेल. दिसायला बेढब आहे, ओळखायला सोपी. फाटक उघडं असतं. मला कळवायची गरज नाही, कोणालाच विचारायची गरज नाही. रात्री राहायचं असेल तर राहा. आत एक म्हातारी असेल, ती तुमच्यासाठी उठणार नाही. ती बसा म्हणेल. बसा.